मोडलेली नाचणी

मला चुकीचं मराठी सहन होत नाही. इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या आमच्या मंडळात दर शनिवारी मी मुलांचा मराठीचा वर्ग घेते, पण वर्ग संपला म्हणून माझं दुरुस्त करणं संपत नाही. कोणाच्या लग्नात जेवताना शेजारी कोणी 'तो चटणी' म्हणालं की माझा घास हातातच राहतो. "ती चटणी," असं सांगितल्याशिवाय तो तोंडात जात नाही. जावईबापूंनी तर माझ्यासमोर फक्त इंग्रजी बोलायचं ठरवून टाकलंय. तर अशी मी, आणि गेल्या जुलैत नीनाच्या कुशनं माझ्याच स्वयंपाकघरात बसून एक चूक केली, मी ती स्पष्ट ऐकली, आणि गप्प बसले. मुद्दाम!

नीना माझी जुनी मैत्रीण. दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर, दोघींची घरं एकाच रस्त्यावर. कुश तिचा एकुलता एक. इथेच जन्मला, माझ्याच वर्गात बाराखडी शिकला, आता तिशीला आलाय आणि जाहिरातींच्या कंपनीत आहे. हसतो छान. त्या हसण्यावरच त्याचं सगळं भागतं.

आता सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, सांगते. कौन्सिलनं भाजीपाल्यासाठी आम्हाला अलॉटमेंटचा जो तुकडा दिलाय, त्याच्या कडेला सफरचंदाची जुनी झाडं आहेत. फळ आंबटढाण. जॅम करून करून मी कंटाळले, तेव्हा शेजारच्या तुकड्यावरच्या म्हाताऱ्यानं मला रस काढून आंबवायला शिकवलं. सायडर चढते, बरं का. मी करते आणि पितेही. ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी खुशाल मुरडावीत.

पण माझी सायडर पाणचट व्हायची. जिभेवर टिकायचीच नाही. मग एका वर्षी साउथहॅम्प्टनला लेकीच्या, तनयाच्या, पहिल्या बाळासाठी नाचणीचं सत्त्व करून नेलं, तर त्या चिमुरड्या कार्टीनं तोंडच लावलं नाही. डबा भरलेला परत आला. घरी बसल्या बसल्या डोक्यात आलं, की इथले लोक बिअरसाठी जवाला मोड आणून, वाळवून त्याचं 'माल्ट' करतात. म्हणजे आपलं सत्त्वच की! मोड आले की धान्यातला पिठूळपणा गोड व्हायला लागतो, हे आपल्या आयांना माहीतच होतं. मी ते सत्त्व चांगल्या कढत पाण्यात भिजवलं, पाणी गोडमिट्ट झालं, गाळून रसात घातलं. वसंतात बाटली उघडली आणि आमचे हे, जे कधी कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "अजून आहे का?"

दर सप्टेंबरला आमच्या अलॉटमेंटवाल्यांचं प्रदर्शन भरतं. भोपळे, कांदे, केक, आणि एका टेबलावर घरच्या सायडरची स्पर्धा. दोन हजार सहा साली बर्फ घालून सायडर प्यायचं फॅड आलं होतं, त्यामुळे त्या टेबलाला नुसता ऊत आलेला. त्या वर्षी मी नाव द्यायचं ठरवलं. आयुष्यभर मी कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई, डॉक्टरीणबाई. एकदा, फक्त एकदा, माझ्या हातच्या गोष्टीपुढे माझं नाव लागावं एवढंच मला हवं होतं. आणि नेमकी तनया दुसऱ्या खेपेला अडली. मी बॅग भरून साउथहॅम्प्टनला पळाले. कुश म्हणाला, "मावशी, डोन्ट वरी, मी तुमचा बाटल्या देतो ना टेबलवर."

"तुमच्या बाटल्या," मी म्हटलं, आणि त्याच्या हाती दिल्या. माझ्या अक्षरातली चिठ्ठी प्रत्येकीवर चिकटवलेली होती.

परत आले तर स्थानिक पेपरात कुशचा फोटो! हातात कप, गालाला खळी. खाली लिहिलेलं, की विजेत्याची ही सायडर म्हणजे त्याच्या आजीची पारंपरिक कृती. आजीची! त्याची आजी सोवळ्यातली बाई, कांदासुद्धा शिवायची नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चपला अडकवून नीनाकडे गेले.

"अगं, पोरगंच ते," नीना म्हणाली. "आणि तुला कप ठेवायला जागा तरी आहे का?"

कुश सोफ्यावर होता. उठलासुद्धा नाही. "मावशी, बी ऑनेस्ट. तुमचा नावाने ते कोणी टेस्ट केला असता? त्यांना वाटला असता, काहीतरी करी-बिरी आहे."

माझ्या चिठ्ठ्या त्यानं खरवडून काढल्या होत्या. मी घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं. त्या दिवसापासून मी ह्या मुलाचं वाईट व्हायची वाट बघत होते, आणि ह्याची मला काडीची लाज वाटत नाही.

वाट फार बघावी लागली नाही. आमच्याकडे रीत अशी, की गेल्या वर्षीच्या विजेत्यानं पुढच्या प्रदर्शनात स्वतःचं पिंप आणून सगळ्यांसमोर उघडायचं. कुशकडे पिंप कुठलं? म्हणून गेल्या जुलैत स्वारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात.

"मावशी, गेल्या वर्षीचा विसरा ना. मला ती रेसिपी पाहिजे. प्लीज."

मी त्याला चहा दिला आणि सगळं खरं सांगितलं. शपथेवर सांगते, एक अक्षर खोटं बोलले नाही. कढत म्हणजे किती कढत, बोट घालून लगेच काढावं लागेल एवढं. फडक्यातून गाळायचं. दुकानातला सफरचंदाचा रस घेतलास तर सप्टेंबरपर्यंत होईल. "आणि नाचणी घ्यायची मोड आलेली," मी म्हटलं.

कुशनं मान डोलावली. "ओके. मोडलेली नाचणी. मोडायची कशात? मिक्सरमध्ये?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, 'मोडलेली नाही रे शहाण्या, मोड आलेली.' एवढंच म्हणायचं होतं. मी पेढा उचलला आणि तोंडात टाकला.

"मिक्सर चालेल," तो घास गिळून मी म्हटलं. बघा, हे मात्र खोटं होतं. एवढं एकच.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "मावशी, जरा आंबट लागतोय. आणि गढूळ आहे."

"कोवळी सायडर आंबटच लागते," मी म्हटलं. "झाकून ठेव. सारखं उघडू नकोस." फोन ठेवून मी गाणं गुणगुणत कपडे वाळत घातले. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, हवा छान आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी तंबू खच्चून भरला होता. कुशनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. नीना पुढेच उभी, नव्या साडीत. मुख्य परीक्षक मिस्टर पिअर्स, चाळीसेक वर्षं घरी बिअर करणारा दाढीवाला गोरा, ग्लास घेऊन पुढे आला. कुशनं नळ फिरवला.

आधी काहीच आलं नाही. मग आलं ते तार सुटलेलं. शिळ्या वरणाला सुटते ना, तशी लांबलचक बुळबुळीत तार, ग्लासापासून नळापर्यंत लोंबत राहिली. वास तर असा, की पहिल्या रांगेतली बाई रुमाल शोधायला लागली. कच्च्या नाचणीची खळ आणि त्यात दोन महिने आंबलेला रस, दुसरं काय होणार? नळ गच्च बसला तो बंदच होईना, आणि ते सगळं कुशच्या बुटांवर पडायला लागलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

मला वाटलं, झालं, फिटलं. पण नाही.

पिअर्स ग्लास टाकून पुढच्या बाटल्यांकडे वळला, आणि त्यात ह्या वेळी माझी होती, माझ्या नावासकट. त्यानं घोट घेतला, थांबला, पुन्हा घेतला. मला म्हणाला, "ही तर गेल्या वर्षीची विजेती! कुशनं शिकवली का तुम्हाला?"

अरे देवा! माझ्या चवीला ह्या माणसाच्या जिभेवर कुशचं नाव चिकटलेलं होतं. दोन महिने मी त्याचं पिंप नासायची वाट बघितली, पण माझी सायडर माझी आहे हे सांगायचं कसं, ह्याचा विचारच केला नव्हता.

आणि कुशनं ते ओळखलं. बूट घाणीत बुडालेले, तरी खळी पडलीच. "येस," तो म्हणाला. "आय टॉट हर. शीज लाइक फॅमिली."

सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीतच विचारलं, "मग सांग की कुश, धान्याचं काय करायचं?"

"सोपं आहे," तोही इंग्रजीतच, ऐटीत. "फोडायचं. मिक्सरमधून काढायचं आणि गरम पाण्यात टाकायचं."

पिअर्सच्या भुवया वर गेल्या. "फोडायचं? मोड नाही आणायचे?"

"मोड?" कुश म्हणाला.

पिअर्सनं आधी पिंपाकडे बघितलं, मग माझ्या बाटलीकडे. बिअर करणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? त्यानं मला विचारलं, "गेल्या वर्षीची सायडर कोणाची होती, मॅडम?"

"त्यालाच विचारा," मी म्हटलं.

कुशनं मान खाली घातली. नीना माझ्याजवळ आली, माझा दंड धरला. "सुलक्षणा, पुरे कर गं. सगळे बघतायत."

"मागच्या वर्षीही सगळे बघत होते," मी म्हटलं आणि तिचा हात सोडवला. "बोल कुश."

"मावशींची होती," तो पुटपुटला.

"मावशीला नाव आहे. आणि मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी वर्गात गृहपाठ न करता यायचा तेव्हा असंच बघायचा, आणि मी दर वेळी सोडून द्यायचे. मला क्षणभर दया आली, खोटं कशाला सांगू. पण ती मी गिळली.

"गेल्या वर्षीची सायडर," तो इंग्रजीत, मोठ्यानं म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "सुलक्षणा देवधरांची होती. मी चोरली."

"आता ऐकू आलं," मी म्हटलं.