विसळलेला कॅन

टप्प. मागच्या खोलीत नळीच्या टोकाशी थेंब पडला आणि बाळाला थोपटणारा माझा हात थांबला. बाळ जागं झालं नाही. नवरा दारातून हातानेच खुणावत होता, ये, बघ.

गोड ज्वारीच्या धाटांचा रस आंबवायचा, उकळायचा, त्याची वाफ धरून गाडीसाठी इंधन करायचं, हे त्याचं खूळ. तेलाच्या डेपोतल्या नोकरीतून त्याने त्यासाठी बिनपगारी रजा घेतली होती. डेपो दूरच्या शहरात. तिथे असताना तो कधीमधी घरी यायचा आणि बाळ त्याला बघून भोकाड पसरायचं. आता कुठे ते त्याच्या खांद्यावर झोपायला लागलं होतं, तर रजा संपत आली.

शाळेची व्हॅन चालवणारे काका म्हणाले होते, "माझी गाडी नीट पळाली, तर रोज तुझ्याकडूनच घेईन. माझे दोस्तही घेतील. पण झिंगून भिंतीवर नको जायला हं!"

तसं झालं, तर त्याला परत जावं लागणार नव्हतं.

"ह्याला पाण्याचा फार सोस," तो मला सांगायचा. वाफ धरूनही थोडं पाणी चिकटून राहतंच. म्हणून तो ते कळीच्या चुन्यात मुरवायचा, पुन्हा वाफ धरायचा. भरायचा कॅन उन्हात उलटा-सुलटा करून वाळवायचा.

"माझे केस वाळवलेस का रे कधी इतक्या प्रेमाने?"

"तुझ्या केसांवर गाडी चालत नाही."

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी काका टाकी जवळपास रिकामी करून आले. नवऱ्याने कॅनमध्ये पेट्रोल आणि आपलं इंधन मिसळलं, हलवलं, टाकीत ओतलं. व्हॅन सुरू झाली तेव्हा आमची मोठी लेक टाळ्या पिटत अंगणभर नाचली. सासूबाईंनी हात जोडले.

कोपऱ्यापर्यंत गेली व्हॅन. मग खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

नवऱ्याने कॅनमध्ये उरलेलं काचेच्या बाटलीत ओतलं. आधी ते दुधाळ दिसलं, मग हळूहळू त्याचे दोन थर झाले. वर पेट्रोल आणि तळाशी पाण्यासकट आमचा सगळा खटाटोप.

"ह्यात पाणी आलं कुठून?" तो स्वतःशीच म्हणाला.

सासूबाई पुढे आल्या. पदराने हात पुसत होत्या, हात कोरडे असूनही. "मीच विसळला रे सकाळी. वास मारत होता. म्हटलं, तुझी एवढी मेहनत, घाणेरड्या भांड्यात कशाला? आत थोडं पाणी राहिलं असेल, मला काय कळतंय..."

त्याने बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आई, भरण्याआधी मी आत बघायला हवं होतं. तू आत जा, ऊन लागेल."

काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं इंधन वाईट नाही रे. पण लोकांची पोरं बसतात माझ्या गाडीत. रस्त्यात बंद पडली, तर त्यांच्या आया मला सोलून काढतील. पुढच्या पिकाला बघू."

धाटं तर संपली होती. पुढच्या पिकापर्यंत थांबायला डेपोवाले काही आमचे मामा नव्हेत.

आज त्याची बॅग भरायला घेतलीय. बाळ झोपलंय तोवर हेही लिहितेय, एक शर्ट घडी करायचा, एक ओळ लिहायची. सासूबाई सकाळपासून जेवल्या नाहीत. तो त्यांच्याजवळ बसून घास भरवायला बघतोय. "आई, तू अशी उपाशी राहिलीस तर मी तिकडे कसा राहू?"

मोठी माझ्याजवळ येऊन बॅगेवरच बसली. खूप वेळ त्या दोघांकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आजीने तर स्वच्छच केलं होतं ना? मग बाबा का चाललाय?"