पौंड उतरायची वाट

आमच्या मालकांना सकाळी उठल्यावर देव आठवत न्हाय, पौंड आठवतोय. तोंडावर पानी मारायच्या आधी मोबाईल डोळ्यांपुढं धरनार, चष्मा कपाळावर, आन् हाक मारनार, "अगं ए मायाक्का, आज पुन्यांदा चढला गं!" जनू शेजाऱ्याची म्हस आमच्या माडीवर चढली. म्या म्हनते, चढू दे मुडदा! माजी पोरगी तितं मरतीया आन् तुमी हितं भाव बगत बसा.

पोरगी म्हंजे आमची ऋतुजा. एकुलती एक. नर्सिंग शिकली, कसलीबसली परीक्षा दिली आन् इंग्लंडातल्या हास्पिटलात लागली. नवरा सयाजी तिच्याच व्हिसावर मागनं गेला. तितं जाऊन त्येनं काय दिवं लावलं? दोन ठिकानी कामाला लागला, दोन्हीकडं भांडून घरी बसला. बायकूच्या पगारावर जेवायचं आन् जेवून झालं की तिच्यावरच हात उचलायचा.

हे आमाला ठावं न्हवतं. उन्हाळ्यात एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. रातपाळी करून सुटली व्हती, हास्पिटलाच्या बाहेर गाडीत बसून बोलत व्हती. गालावर बोटं उठल्याली. म्या किंकाळीच फोडली. ती म्हनली, "आई, रडू नगंस. दोघं बी नीट ऐका. वेळ न्हाय मला."

तिनं सगळं सांगितलं. राहतं घर सयाजीच्या नावानं भाड्यानं घेतल्यालं. आता त्यो पाच वर्साच्या आरोहीला बी मारायला लागला व्हता. मागं एकदा ऋतुजानं लेकीला घेऊन दुसरीकडं खोली केली, तर त्यो तितल्या दारात जाऊन बोंबलला, आन् घरमालकानं दुसऱ्या दिवशी चावी परत मागितली. "सोताचं घर असलं तर मला कोन काढनार न्हाय अण्णा," बापाला म्हनली. हास्पिटलाजवळ दोन खोल्यांचं जुनं घर एक म्हातारी इकत व्हती. तितली ब्यांक कर्ज देनार, पन सुरुवातीची रक्कम आपली पायजे. म्हातारी चांगली, तुज्यासाठी थांबते म्हनली व्हती.

खोटं कशाला बोलू, माज्या नवऱ्यानं त्या टायमाला कमाल केली. मंगळवेढ्याच्या शिवारातलं काळं रान, ज्येच्या ढेकळावर त्यांचा पोरीइतका जीव, ते त्यांनी म्हैन्याच्या आत इकलं. सौदा झाल्यावर बांधावर बसून ढसाढसा रडले, पन सही केली. पैसं ब्यांकेत आलं. म्या देवापुढं नारळ फोडला. म्हनलं, सुटली माजी बाय.

कसली सुटतीया! तितनंच इपरीत सुरू झालं.

तुमाला आमच्याकडची रीत सांगाय पायजे. सुगीत सगळ्यांची ज्वारी एकदम बाजारात येती आन् भाव पडतो. ज्येला नड हाय त्यो खळ्यावरच इकून मोकळा हुतो. ज्येच्यात दम हाय त्यो माल पेवात भरून गप बसतो. पेव म्हंजे जमिनीत खोल खांदल्याली ज्वारीची कोठी. आता पेवं गेली, पोती आली, पन दम त्योच. इकायचं तर चढ्या भावाला, घ्यायचं तर उतरल्या भावाला, मधी कुनी कितीबी बोंबलू दे. आमचे मालक ह्यात लई पटाईत. जुळे सोलापुरातलं हे आमचं घर थांबून इकल्याल्या ज्वारीवरच उभं हाय. सगळं गाव त्यांना इचारायला यायचं, जोतिरामअण्णा, आता काढू का माल? त्यामुळं त्यांना सगळं जगच ज्वारी वाटतंय.

रानाचं पैसं आलं तवा पौंड एकशे पंधरा रुपयाला व्हता. ब्यांकेत गेले आन् हात हालवत परत आले. "आत्ताच दोन रुपये चढलाय म्हनत्यात. आठ दिवस थांबतो. चढ्या भावात घेनारा येडा." आठ दिवसांनी आनिक चढला. मग तर काय, "आता मुळीच न्हाय. येवढा चढलाय म्हंजे उतरायलाच पायजे." जितका चढंल तितकी ह्यांची मांडी घट्ट.

शेजारची उत्कर्षा ब्यांकेत कामाला हाय. तिला म्या चहाला बोलावलं, म्हनलं तूच समजाव बाई. ती बिचारी गोड बोलली. "काका, घर राहायला घ्यायचंय ना? मग आज लागतात तेवढे पौंड आजच घ्या. उद्याचं कुणालाच सांगता येत नाही."

"म्हंजे उतरू बी शकतो?"

"शकतो काका, पण..."

झालं! तिचं पुढचं बोलनं ह्यांच्या कानात शिरलंच न्हाय. दिवसभर कॉलनीत सांगत सुटले, ब्यांकेची बाई म्हनली उतरनार.

मग एक दिस मी भांडलेच. भाकरी तव्यावर करपू दिली. "ज्वारीला सुगी असती, रुपायाला कसली सुगी? आन् आपलं पोतं न्हाय तितं अडकल्यालं, आपली ल्येक हाय!"

ते चिडले न्हाईत. हळूच म्हनले, "बापजाद्याचं रान इकलंय मायाक्का. त्यातला रुपया बी वाऱ्यावर जाऊ देनार न्हाय मी. कुनासाठी वाचवतोय? पोरीसाठीच की." आन् हे खरं व्हतं, म्हनून तर माजा जीव जळायचा. कंजूस असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

शेवटी मी एकलीच रिक्षा करून ब्यांकेत गेले. सायेब चांगला व्हता, बसायला खुर्ची दिली, पानी दिलं. म्हनला, "मावशी, खातं काकांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल." म्या म्हनलं, "सायेब, त्या रानात उभा जन्म खुरपत बसले, तवा माजी सही कुनी मागितली न्हाय, आन् आता त्यांच्या सहीवाचून अडलंय व्हय?" त्यो बिचारा कागद चाळत बसला. घरी आले तर मालकांनी तोंड फिरवून घेतलं. "माज्यावर इश्वास न्हाय तुजा," म्हनले. म्या बी म्हनलं, न्हायच.

पौंड एकशे तेवीसला गेला तवा ऋतुजाचा फोन आला. म्हातारीचा ल्योक घाई करत व्हता, शुक्रवारच्या आत पैसं आलं न्हाय तर घर दुसऱ्याला जानार व्हतं. तिचा आवाज खोल गेल्याला. "अण्णा, भाव असू दे कसा बी. आता पाठवा."

मालकांनी फोन ह्या हातातनं त्या हातात घेतला. मी त्यांच्याकडं बगत व्हते. एक क्षन वाटलं, उठतात आता. पन न्हाय. "बाळ, येवढा आठवडा काढ. पार टोकाला गेलाय बग त्यो. हितनं घसरनारच. आता घेतलं तर ऐन महागात घेतल्यावानी हुईल."

मागं आरोही कायतरी मागत व्हती. मग ऋतुजा म्हनली, "बरं." येवढंच.

शुक्रवार गेला. घर गेलं. त्येच्यानंतर तिचं फोन कमी झालं. आपन लावला तर "ड्यूटी हाय आई," नायतर "झोपले व्हते." व्हिडिओ तर बंदच केला.

आन् मग पौंड उतरला. हळूहळू घसरत एकशे ईसावर आला. मालकांनी मोबाईल माज्या नाकापुढं धरला. "बगितलंस? म्हनलं व्हतं का न्हाय?" म्या त्वांडावर सांगितलं, पंधराला व्हता तवा हात लावला न्हाय आन् ईसाला नाचताय! पन ऐकतंय कोन? इस्त्रीचा सदरा घालून ब्यांकेत गेले आन् सगळी रक्कम ऋतुजाच्या खात्यावर लावून आले. येताना पावशेर पेढं आनलं. "त्ये घर गेलं तर दुसरं बगंल. तितं काय घरांचा दुष्काळ पडलाय?" लई दिवसांनी माणूस पोटभर जेवला.

पैसं पोचल्याचा मेसेज आला तवा आमी दुपारी तिला व्हिडिओ लावला. फोन सयाजीनं उचलला. ऋतुजाचा फोन, सयाजीच्या हातात.

"पैसं मिळालं बरं का मामा," हसून म्हनला. "तुमी येवढं करताय, मला पत्ताच न्हाय! तिच्या फोनवर ब्यांकेचा मेसेज बगितला तवा कळलं. आता आमी मोठं घर बगतोय, दोघांच्या नावावर. जरा गावाबाहेर हाय, हास्पिटल लांब पडतंय. पन ऋतुजा तशीबी हे हास्पिटल सोडून दुसरं बगायचं म्हनतीया."

मालक फोनवर वाकले. "जावयबापू, त्ये पैसं मी तिला..."

"तिचं आन् माजं येगळं हाय व्हय मामा?"

म्या फोन हिसकावून घेतला. "ऋतुजाला दे." ती आली. एका बाजूचे केस गालावर वढून घेतल्याले. सयाजी मागं खुर्ची धरून हुभा. म्या म्हनलं, आता कशाला कुनाला भ्यायचं? "बाय, आरोहीला घे आन् सरळ हिकडं ये. आजच्या आज निघ. माजं दागिनं हायत, तिकिटाचं मी बगते."

तिनं मागं सयाजीकडं बगितलं. बोलला त्यो. "येईल की मामी, सुट्टीत आनतो. आरोहीचा पासपोर्ट मी जपून ठेवलाय, हरवायचं भ्या न्हाय."

मालक माज्या खांद्यावरनं वाकून पडद्यात बगत व्हते. ऋतुजानं बापाकडं बगितलं. लहानपनी बाप जत्रंतनं आल्यावर, काय आनलं इचारायची, तसल्याच मवाळ आवाजात तिनं इचारलं, "अण्णा, कितीनं मिळाला?"

उभ्या जन्मात भाव सांगताना ह्या मानसानं कधी मान खाली घातली न्हवती. "एकशे ईसनं," म्हनले, मला बी नीट ऐकू आलं न्हाय.

"बरं झालं," ती म्हनली. "तीन रुपये वाचले की."

सयाजीनं तिच्या हातातनं फोन घेतला आन् बंद केला.