कोठीच्या दरवाजाने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. जुने दरवाजे मायाळू असतात असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते माझ्याबद्दल नव्हे.

मला घडवणाऱ्या सुताराचा हात हलका होता. त्याने मला रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या आणि एका बोटाने लोटून पाहिले. मी आवाज न करता मिटलो. "लोण्यासारखा बसला," तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. शेवटचीच म्हणा ना.

मला एका बेकरीत बसवले. माझ्या अलीकडे भट्टी, पलीकडे पिठाची कोठी. पिठाला धग लागू नये म्हणून मला कायम लोटून ठेवत. भट्टी सांभाळायला वस्ताद होते आणि पीठ मळायला वहिनी. दोघांचे छान जमत असे. हात पिठाने भरलेले असले की वहिनी मला कोपराने ढकलत, वस्ताद पाठीने. मला कधी लागले नाही.

मग वस्ताद तापाने आजारी पडले. बरे होऊन आले आणि थोड्याच दिवसांत पावाचा एक घाणा करपला. भट्टी वस्तादांची, पण ते माल न्यायला आलेल्या गाडीवाल्यासमोर वहिनींवर ओरडले, "लक्ष कुठं असतं तुमचं?" वहिनींनी हाताचे पीठ झटकले. कोठीत आल्या आणि त्यांनी मला धाडकन आपटले.

तुम्हीच सांगा, यात माझा काय संबंध होता?

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. हातभर अंतरावर उभे असत आणि बोलत मात्र गाडीवाल्यामार्फत.

"वहिनींना सांग, पीठ सैल झालंय."

"वस्तादांना सांग, मला डोळे आहेत."

"मी पाव पोचवायला येतो की निरोप?" गाडीवाला विचारायचा. कोणी हसत नसे.

जाता-येता मला आपटत मात्र. वहिनींनी आपटले की वस्ताद त्याहून जोरात आपटत. एकमेकांना जे सुनवायचे, ते सगळे माझ्या अंगावर. प्रत्येक फटक्याला माझ्या वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होत होते. मी करकरू लागलो, तर म्हणाले, "याला तेल घाला कुणीतरी." तेलही कोणी घातले नाही. मग मी ठरवले, असू दे. हे फटके मी जपून ठेवीन आणि एक दिवस सगळे मिळून परत करीन.

एकमेकांना विचारायला नको, म्हणून एकदा मीठ दोघांनीही घातले. आमचे पाव इस्पितळात जात, तिथून सगळा माल परत आला. बेकरीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर भट्टी विझवते आणि कुलूप लावते. मग बसा घरी." त्या गेल्यावर मला आणखी दोन फटके बसले, एक एकीचा, एक दुसऱ्याचा.

शेवटी माझा दिवस उजाडला. भट्टीत इस्पितळाचे पाव होते. वहिनी कोठीत पुढच्या घाण्याचे मीठ काढत होत्या. त्यांनी ते काढले की नाही हे तोंडाने विचारायचे सोडून वस्ताद स्वतः बघायला आत आले, आणि त्यांनी मला असे आपटले की वरची बिजागरी सुटली. मी झुकलो. माझा खालचा कोपरा फरशीत रुतला. म्हटले, आता बसा आत.

वस्तादांनी ओढून पाहिले. ते बाजूला झाल्यावर वहिनींनी ओढले. दोघेही तोंड मिटून. माझ्यामागे भट्टी तापलेली, पाव काढायला कोणी नाही, गाडीवाला यायला अवकाश. मला फार बरे वाटत होते.

"जळतंय," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"पाव. एवढा वास भरलाय. येत नाही तुम्हाला?"

वस्ताद माझ्या फळ्यांकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "त्या तापानंतर कसलाच वास येत नाही. पावाचा नाही, धुराचाही नाही."

"म्हणून करपला होता तो घाणा?"

"हो."

"आणि ओरडलात माझ्यावर."

"घाबरलो होतो. वास न येणारा वस्ताद कोण ठेवून घेईल?"

"मला किती लागलं ते, त्या गाडीवाल्यासमोर. घरी जाऊन जेवले नाही मी." वहिनींनी मिठाचे माप खाली ठेवले. "मला सांगायचं होतं. माझं नाक होतं की."

"चुकलो, वहिनी."

"ते नंतर. तुम्ही दरवाजा वर उचला, मी ओढते. मी सांगेन तेव्हाच. हं, उचला."

एकेकट्याने ओढून मी जन्मात उघडलो नसतो. पण दोघांनी एका दमात जोर लावल्यावर माझा इलाज चालेना. मी सुटलो. सूड अर्ध्यावर राहिला. भट्टीतला मागच्या बाजूचा पाव कोळसा झाला होता, बाकीचा वाचला.

मालकीणबाईंना वस्तादांनी स्वतः सांगितले. वहिनी शेजारी उभ्या होत्या. "भट्टीवर हात यांचे, नाक माझं," त्या म्हणाल्या. मालकीणबाईंनी खूप वेळ कपाळाला आठ्या घातल्या, पण भट्टी विझवली नाही.

आता रोज भट्टी पेटवण्याआधी दोघे माझ्या उंबऱ्याशी चहा घेतात.

"आज कसं आहे?" वस्ताद विचारतात.

"आज डोकं तापलंय घरून निघतानाच. जरा सांभाळून घ्या."

"बरं."

एवढेच. पण तेव्हापासून माल परत आलेला नाही आणि मला कोणी आपटलेले नाही. सुतार येऊन बिजागरी बसवून गेला. वस्तादांनी तेलसुद्धा घातले. मला वाटते, ती त्यांची माफी असावी. मी अजून विचार करतो आहे.

म्हणून मित्रांनो, राग आला, भीती वाटली, मनाला लागले, तर ज्याला सांगायचे त्यालाच सांगा. दरवाजे, भांडी, खुर्च्या यांच्यावर काढू नका. आम्ही काही विसरत नाही. आणि माझ्यापाशी आलात तर मला हलक्या हाताने लोटा. सुताराने वरच्या बिजागरीचा एक स्क्रू नीट पिळलेला नाही. ते मी अजून कोणाला बोललो नाही.