पन्ह्याचं पाणी

"मावशी, तुमचा जंतू आणि त्या एकोणीस जणांचा जंतू एकाच नावाचा आहे, पण एका कुळातला नाही," प्रज्ञेश पडवीत बसून सांगत होता. उपकेंद्रातला हा आरोग्यसेवक कालच रत्नागिरीहून अहवाल घेऊन आला होता.

गोदूमावशी डाळिंब्या सोलत राहिली.

चैत्रातल्या उत्सवात देवीच्या प्रसादानंतर वाडीतली एकोणीस माणसं ताप-जुलाबांनी आडवी झाली. देवीच्या कृपेने सगळी उठली. पण तीस वर्षं नैवेद्य रांधणाऱ्या मावशीच्या तपासणीत तसलेच जंतू सापडले, आणि मग कोणी पुढे विचारलंच नाही. देवळातला तिचा आमटीचा डाव घरी पोचता झाला. तेव्हा ती मला इतकंच म्हणाली होती, "आता मला वास येत नाही गो." नैवेद्य चाखायचा नसतो, आमटीचं मीठ ती वासावरून ओळखायची.

प्रज्ञेशने सांगितलं, पुण्याला प्रत्येक जंतूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली. मावशीचा वेगळा निघाला. एकोणिसांचा जुळला तो देवळाच्या विहिरीतल्या पाण्याशी. भक्तनिवासाची नवी संडासाची टाकी तिथे पाझरत होती.

मी उंबऱ्यात उभी होते. उत्सवाच्या प्रसादात न उकळलेलं एकच होतं, पन्हं. नळाचं पाणी देवीला नको म्हणून सोवळ्याने विहीर शेंदून ते मी कालवलं होतं. माझा नेमच आहे तो. लोक मावशीला नावं ठेवत होते तेव्हाही त्या पाण्याची शंका माझ्या मनात आली नाही.

प्रज्ञेश गेल्यावर मी तिच्यापाशी बसले. "मावशी, पन्हं माझं होतं."

तिने एक डाळिंबी सोलली. "पाणी दिसायला निर्मळच होतं गो." मग खाली बघूनच विचारलं, "देवळात सांगशील?"

शनिवारी सभामंडपात सांगितलं. आवाज माझा मुळात लहान, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मागून अनिल मानकरी म्हणाले, "म्हणजे राहीवहिनींचं पुण्य आमच्या पोटात गेलं तर." लोक हसले. मीही.

मावशीच्या पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी ती डाव घेऊन देवळात आली. आधी तिने मला चुलीवर पाणी चढवायला लावलं आणि खळखळ उकळेपर्यंत तिथून हलू दिलं नाही. मग आमटीवर वाकली, डोळे मिटून. बराच वेळ.

मी मिठाची बरणी धरून उभी होते.

तिने हात पुढे केला. "चिमूटभरच दे."