टोपली एक, हार दोन

मी खुशी, दहावीत आहे, आणि माझे जंतू चमकतात. खोटं नाही. आमच्या दर्यापूरच्या शाळेला दर रविवारी अमरावतीच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा मिळते. तिथल्या रूपाली मॅडमनी आम्हाला दोन जीन बसवलेले जंतू दिले. हिरवं चमकवणारा जीन कायम चालू, लाल चमकवणारा मात्र एक खास साखर घातली की सुरू. सगळ्या पेशी एकीच्याच लेकी, म्हणजे दिसायला सारख्या हव्यात. पण साखर घालून सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर कोणी हिरवीगार, कोणी लालभडक.

मॅडम म्हणाल्या, नमुना बिघडला, नुसता लाल जीन असलेले दुसरे जंतू शिरले. अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनातून उद्या संध्याकाळी आपलं नाव काढून घेऊ.

जीपमधून मी तोंड पाडून घरी आले. आई आणि सुभद्राकाकू झेंडूचे हार ओवत होत्या, मधे एकच टोपली. दोघींना सारखेच हार सांगितलेले, पण आईचा गच्च आणि काकूचा विरळ. मी विचारलं, असं काहून?

"तुई माय दोन्ही हातानं ओढते," काकू म्हणाली. "मी काय देठं ओवू?"

आई म्हणाली, काल हिचा गच्च होता तवा बोलली नाही. जिची मूठ आधी भरते तिचा हार गच्च.

मी तिथेच खाली बसले. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम. ती मोजकीच, आणि दोन्ही जीन त्यांच्यावरच तुटून पडतात! ज्याची मूठ आधी भरते, पेशीला त्याचा रंग.

मॅडमना फोन लावला. तोच नमुना दोन नळ्यांत वाढवा म्हटलं, एकीत साखर नको. दुसरे जंतू शिरले असतील तर साखरेविना ते चमकणार नाहीत, तिथे मधेमधे काळे ठिपके दिसतील. मॅडम हो म्हणाल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर आई मला घेऊन अमरावतीला आली. साखरेच्या नळीत तोच लाल-हिरवा गोंधळ. बिनसाखरेच्या नळीत एकही काळा ठिपका नाही, सगळ्या हिरव्या, जवळजवळ सारख्या.

"नमुना चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "चुकले मी. अकोल्याला जायचं, आणि हे तूच सांगायचं."

आईनं पाठीवर हात ठेवला, चल म्हणाली, शेवटची जीप जाईल. पण माझा डोळा भिंगावरून हलेना. कोपऱ्यातली एक पेशी बाकीच्यांपेक्षा जरा फिकी होती.

"मॅडम, इथे तर लाल नाहीच. मग हिचा वाटा कोणी नेला?"

मॅडमनी खुर्ची ओढली. "सरक जरा," म्हणाल्या, "मले पाहू दे."