वळूच्या कुरणाचं फाटक

बसमध्ये मी नादीनची यथेच्छ टर उडवली, हे आधीच सांगून टाकते. नादीन मूळची फिलाडेल्फियाची. नवरा वारल्यावर मुलीकडे माँटानात राहायला आली आणि आमच्या फोटोग्राफी क्लबात दाखल झाली. पायांत कोरे करकरीत बूट, गळ्यात माझ्यापेक्षा महाग कॅमेरा.

"नादीन, गुरांच्या रँचवर फाटकं असतात बरं का," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. "लावलेलं असेल तर आत-बाहेर केल्यावर परत लावायचं. तुमच्याकडे दारं आपोआप लागतात, म्हणून सांगितलं."

सगळे हसले. तीही हसली. "लिहून घेऊ का गं?" म्हणाली.

मी गुरांत वाढलेली. वडिलांची रँच विकून बावीस वर्षं झाली, पोस्टात तिकिटं विकण्यात माझा जन्म गेला, तरी तो तोरा काही उतरत नाही.

आम्ही गेलो ती रँच दीडशे वर्षांची. आता लोकांना बघायला म्हणून जपली आहे, पण गुरं खरीखुरी. ती सांभाळणारे ऑर्विलकाका ऐंशीच्या घरातले, एका पायानं लंगडणारे.

दुपारी जुन्या गोठ्यामागे फार सुरेख उजेड पडला. काळवंडलेली लाकडी भिंत, डोंगरावर बर्फ आणि मधे एकटा वळू. बंद फाटकाची आडवी पट्टी मात्र नेमकी त्याच्या डोळ्यांवर येत होती. मी साखळी काढली, फाटक सताड उघडलं आणि गुडघे टेकून सहा फोटो काढले. वळू लांब होता, आपल्याच नादात. मग ढग सरकला, उजेड लोहाराच्या खोपटाकडे गेला आणि मी त्याच्यामागे धावले. फाटक डोक्यातून पार गेलं.

अर्ध्या तासानं आरडाओरडा ऐकू आला. वळू त्या उघड्या फाटकातून शेजारच्या कुरणातल्या कालवडींत घुसला होता. जेमतेम वर्षाच्या कालवडी त्या. या वयात गाभण राहिली तर वेताच्या वेळी जीव जातो, हे मला कुणी सांगायला नको होतं. ऑर्विलकाका आणि दोन गड्यांनी घामाघूम होऊन वळूला बाहेर काढलं. मग काका एका तांबड्या कालवडीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"हिची आई बर्फात गेली," ते म्हणाले. "बाटलीनं वाढवली हिला. स्वयंपाकघरात झोपायची. वळूनं गाठलंच हिला. गर्भ राहू नये म्हणून गुरांचा डॉक्टर इंजेक्शन देईल, पण तेही सोसलं पाहिजे ना हिला."

मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "फाटक कुणी उघडं टाकलं?"

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी मला निरखून पाहिलं.

"तू हॉगलंडची पोर, इंगा ना? नाक अगदी त्याचंच. तीस वर्षं त्याच्या शेजारी गुरं राखली मी. एकदाही फाटक उघडं टाकलं नाही त्या माणसानं. पोरी, तू तरी सांगायचंस या लोकांना."

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं.

"माझ्याकडूनच राहिलं असेल," मागून नादीन म्हणाली. "मला ती साखळी जमत नाही. चुकलं माझं, काका."

काका तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "इंगा, दाखव तिला."

आणि मी दाखवलं! सगळ्यांसमोर. साखळी फिरवून खाचेत कशी बसवायची, मग ओढून कशी बघायची. नादीननं मुकाट्यानं तसं करून पाहिलं. "या शहरी बायका," कुणीतरी पुटपुटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी साखळी मी तिला पुन्हा एकदा ओढून दाखवली.

परतताना तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. मी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "नादीन, ते फाटक मी..."

"माहितेय मला."

तिनं कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला, दिवसभराचे फोटो एकेक करून सरकवले आणि एकावर थांबली. गुडघ्यांवर बसलेली पाठमोरी मी, शेजारी सताड उघडं फाटक, पलीकडे वळू. हेवा वाटावा असा फोटो.

"मला वाटलं, तू बोलशील," ती म्हणाली. "मग त्यांनी तुझ्या वडिलांचं नाव काढलं. तुझा चेहरा बघवेना गं."

"ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगते," मी म्हटलं. "काकांना सांगून टाकते सगळं."

"सांग."

मी उठले नाही. ती वाट पाहत राहिली. पेट्रोल पंप गेला, पूल गेला, हमरस्ता आला.

"मग हा ठेवू की पुसू?" तिनं विचारलं आणि कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. "तूच ठरव."

दिवसभरातला तिचा तो एकच चांगला फोटो होता. मी बटण दाबलं. नक्की पुसायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. मी पुन्हा दाबलं.