कानाला लावलेलं कणीस

तुम्ही लबाडी केलीत. ओफेलियाच्या भिंतीवर, तिच्या पाठीमागे, तिच्या आईच्या हातावर तुम्ही लबाडी केलीत. आणि वर पितळेची पाटी ठोकून त्या लबाडीला संस्कृती म्हणालात. स्वच्छ नखांची, सुगंधी रुमालांची तुमची ती कला-समिती! शिसारी येते.

पूर्व लॉस एंजेलिसचं ऊन तुम्हाला माहीत नाही. गाडीच्या काळ्या काचेतून दिसतं ते ऊन नव्हे. इथलं ऊन नदीच्या सिमेंटी, निर्जल पात्रात तापतं, धुळकट ताडांवर आपटतं, जाकारांडाच्या जांभळ्या फुलांत क्षणभर विसावतं आणि मग गल्लीगल्लीतल्या गाड्यांच्या टपांवर सांडतं. रक्तवर्ण टप, मधुवर्ण टप, मयूरकंठी टप. इथे गाडी पळवत नाहीत, मिरवतात. जमिनीला पोट टेकवून, गजगतीनं, खिडकीतून जुनी प्रेमगीतं सांडत सांडत.

ही चिकानो वस्ती. आजे-पणजे मेक्सिकोचे, जन्म इथला, मरण इथलं, आणि तरी "मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न रोज तोंडावर फेकलेला.

ओफेलिया इथेच वाढली, मामाच्या गॅरेजात. मामाला सगळे तिओ चुय, म्हणजे चुयमामा, म्हणत. तो गाड्या रंगवी. आधी चांदीचा थर. मग त्यावर पातळ, पारदर्शक लाल. थरावर थर, थरावर थर, सात थर. ऊन त्या लालातून आत उतरे, चांदीवर थडके आणि माणिक होऊन परते.

"रंग वर थापायचा नसतो गं," तिओ म्हणे, "आत पाठवायचा असतो. घाई केलीस तर गाडी नाही, टोमॅटो होईल."

आणि शेवटच्या थरानंतर चार दिवस तिकडे फिरकायचं नाही. पावलांनीसुद्धा धूळ उडते. ही गॅरेजची शिस्त. ही ओफेलियाची दीक्षा.

दुसरी दीक्षा स्वयंपाकघरातली. रविवारची दुपार. चुलीवर राजमा रटरटतोय, खिडकीत रेडिओ खरखरतोय, भिंतीवरच्या लाल फोनची पिळदार दोरी आईच्या मनगटाला गुंडाळलेली. आई म्हणजे कोन्सुएलो. तिचा थोरला रुबेन दोनशे मैलांवरच्या तुरुंगात. तिथे बाहेरून फोन लागत नसे. म्हणून ती रेडिओ केंद्राला लावी. वस्तीतल्या सगळ्याच बाया लावत. नवऱ्यासाठी, भावासाठी, लेकासाठी गाण्याची फर्माईश.

मग निवेदक मधाळ आवाजात सांगे: "कोन्सुएलोकडून, तिच्या रुबेनसाठी." आणि तीन मिनिटांचं एक गुळचट, बाजारू, सर्वसामान्य प्रेमगीत निघे. डोंगर ओलांडी, काटेरी तारा ओलांडी, दगडी भिंतीतून झिरपे आणि एका कोठडीत, एका उशाशी जाऊन बसे.

तुरुंगवासाच्या सहाव्या वर्षी रुबेन आतच तापानं गेला. पुढच्या रविवारी आईनं तरी फोन लावला. त्याच्या पुढच्याही.

ही ओफेलियाची कला. ही तिची पाठशाळा. तुमच्या समितीकडून तिला चाळीस फुटांची भिंत मिळाली तेव्हा तिनं दुसरं काय काढावं? तिनं आई काढली. कानाला रिसीव्हर लावलेली, ओठ किंचित विलग, निवेदकाला नाव सांगण्याच्या आधीचा तो एक श्वास. शेजारची दोन्या एल्विरा, म्हणजे एल्विराबाई, वस्तीच्या ब्यूटी पार्लरची सम्राज्ञी, रोज खुर्ची टाकून बसे. "भुवया बारीक कर. तुझी आई तेव्हा अख्ख्या उपटून पेन्सिलीनं काढायची. मीच काढून द्यायचे, आता लाजतेस कशाला?" भुवया बारीक झाल्या. आणि रिसीव्हर? रिसीव्हर चांदीवर चढला. सात थर. ज्वलंत, जिवंत, माणिकगर्भ.

तुमच्या अर्जात एक रकाना होता: प्रेरणास्रोत. तिनं लिहिलं: तिओ चुयचं गॅरेज. एल्विराच्या भुवया. रेडिओवरची पॉप गाणी. रविवारची फर्माईश.

तुमचे सल्लागार हसले. हसले, हो. "गाणी बाजाराची असतात, बाई. तुमची मुळं खोल आहेत. मेक्सिकोचे प्राचीन पिरॅमिड, सूर्यशिला, मका. जरा रक्तात डोकावून पाहा."

तिच्या रक्तात डोकावणारे तुम्ही कोण? पिरॅमिड तुम्हाला हवा, कारण पिरॅमिडातली माणसं मेलेली असतात. मेलेली माणसं तुम्हाला आवडतात. ती फोन करत नाहीत. त्यांची पोरं तुमच्या तुरुंगात नसतात.

शेवटचा थर चढला. ओफेलिया शिस्तीनं चार दिवस दूर राहिली. भिंतीशी कुणी नाही हे हेरून तुम्ही माणसं पाठवलीत.

उद्घाटनाच्या दिवशी, भर दुपारी, भिंतीवरचा पडदा उतरला. टाळ्या उठल्या आणि अर्ध्यात विझल्या. आईच्या कानाला कणीस होतं. मक्याचं कणीस. पिवळंधमक, जाड, थापलेलं. ऊन त्यावर पडलं आणि तिथेच मेलं. खाली पाटी: मक्याच्या प्राचीन देवतेस वंदन.

"अगं बाई," एल्विरा मोठ्यांदा म्हणाली, "कोन्सुएलो कणसाशी काय बोलतेय?"

वस्ती हसली. मग वस्ती हसायची थांबली.

ओफेलियानं पिशवीतून पत्र्याची खरवडणी काढली. शिडीकडे निघाली. रखवालदार आडवा आला. सल्लागारांनी ध्वनिक्षेपकावरून, घसा साफ करून, मृदू स्वरात सांगितलं: "कृपया भिंतीला हात लावू नये. भिंत समितीची मालमत्ता आहे."

तेव्हा चाकांच्या खुर्चीतून कोन्सुएलो उठली. चौऱ्याऐंशी वर्षांची. तीन आठवडे ती या दुपारसाठी जगत होती. पोरीनं मला काढलंय, रुबेनशी बोलताना काढलंय, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. ती उठली, एल्विराचा खांदा धरून उठली आणि सल्लागारांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"भिंत तुमची ना? असू दे. ठेवा." आवाज बारीक, पण प्रत्येक अक्षर टोकदार. "पण तो हात माझाय. त्या हातात माझा पोरगा होता. आधी तुम्ही त्याला आत घातलंत. आत मेला तो. आता माझ्या हातातूनही काढून घेतलात. कुणाला विचारून?"

सल्लागारांनी पाटीकडे पाहिलं. पाटीवरून फितीकडे पाहिलं. फितीवरून घड्याळाकडे पाहिलं.

म्हातारी उभीच आहे. कपाळावरचा घाम रेखलेल्या भुवयांत उतरतोय. एल्विरा खुर्ची पुढे सरकवते, ती मागे ढकलते. बसत नाही. तुम्ही बोलल्याशिवाय ती बसणार नाही.

कुणाला विचारून?

बोला.